झंस्कार: नदीचा नकाशा आणि खिशाचा हिशेब

लेहहून कारगिलच्या रस्त्याला लागलं की पस्तीस किलोमीटरवर निम्मू येतं. तिथल्या वळणावर गाडी थांबवून खाली पाहिलं की दोन रंगांची पाणी एकमेकांना भेटताना दिसतात. एक सिंधू, दुसरी झंस्कार. बहुतेक पर्यटक इथे फोटो काढतात आणि पुढे जातात. पण उन्हाळ्यात या संगमावर सिंधूपेक्षा जास्त पाणी झंस्कार आणते. हे पाणी कुठून येतं, वाटेत काय काय कापत येतं आणि त्याच्या मागोमाग वर जायचं तर खर्च किती, हे समजून घ्यायला हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवते. झंस्कारचा खर्च किलोमीटरवर काढला की हमखास चुकतो. तो दिवसांवर काढावा. कुठे किती दिवस लागतील हे नदी ठरवते, म्हणून आधी नकाशा आणि मग पैसे.

नदी कशी वाहते

झंस्कार एका उगमातून निघत नाही. ती पदुमजवळ दोन नद्यांच्या मिलनातून तयार होते.

पहिली स्तोद, जिला दोडा असंही म्हणतात. सुमारे ४,४०० मीटर उंचीच्या पेन्सी ला या खिंडीपाशी उभं राहिलं की खाली द्रांग-द्रुंग ही लांबलचक हिमनदी वळण घेत उतरताना दिसते. स्तोदचं पाणी तिचंच. पेन्सी ला ही पाणलोटाची सीमा आहे. खिंडीच्या कारगिलकडच्या अंगाला पडलेलं बर्फ सुरू नदीत जातं, पदुमकडच्या अंगाचं झंस्कारमध्ये.

दुसरी लुंगनाक, म्हणजेच त्सारप. शिंकू ला खिंडीकडून येणारी कुरग्याख नदी पुरने गावापाशी त्सारपला मिळते. याच खोऱ्यात कड्यातल्या गुहेभोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारखा चिकटलेला फुगताल गोंपा (बौद्ध मठ) आहे. ३१ डिसेंबर २०१४ रोजी इथे डोंगर कोसळून नदी अडली, मागे मोठा तलाव साठला आणि ७ मे २०१५ रोजी तो फुटला. पुरात पूल आणि शेतं वाहून गेली. आधीच सावध केल्यामुळे माणसं वाचली. या नदीच्या काठचा रस्ता कधीही बंद होऊ शकतो, तो का, हे या एका घटनेवरून कळतं.

पदुमला दोन्ही नद्या एकत्र येतात. इथलं खोरं रुंद आणि उघडं आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ३,६०० मीटरवर. करशा, स्तोंगदे, सानी हे गोंपे आणि सातूची शेतं याच पट्ट्यात आहेत. पुढे झांगला लागतं. हंगेरियन अभ्यासक चोमा दे कोरोश याने १८२३-२४ मध्ये इथल्या थंडीत बसून तिबेटी भाषेचा अभ्यास केला. त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश १८३४ मध्ये कोलकात्यात छापला गेला.

झांगलाच्या पुढे खोरं मिटतं. झंस्कार पर्वतरांगेला वळसा घालण्याऐवजी नदी थेट तिच्यातून आरपार जाते. दोन्ही बाजूंना शेकडो मीटर उंचीचे कडे आहेत. त्यांतले थर एके काळच्या टेथिस समुद्राच्या तळाचे, चुनखडीचे आणि शेलचे. भारतीय भूखंड आशियावर आदळला तेव्हा ते चुरगळले आणि आज त्यांच्या घड्या उघड्यावर दिसतात. नेरकच्या आसपास दरी अगदी चिंचोळी होते. चिलिंगजवळ मार्खा नदी येऊन मिळते. चिलिंग हे तांब्या-चांदीची भांडी घडवणाऱ्या कारागिरांचं गाव. तिथून अठ्ठावीस किलोमीटरवर निम्मू. पुढे सिंधूबरोबर हे पाणी पाकिस्तानातून अरबी समुद्राला मिळतं. कोकणच्या किनाऱ्याला लागणारा समुद्र तोच.

तीन हंगाम, तीन वेगळ्या सहली

नदी हिमनद्यांची आहे, त्यामुळे तिचं पाणी पावसावर नाही, उन्हावर चढतं. सह्याद्रीत धो-धो पाऊस कोसळत असतो तेव्हा हिमालयाच्या पावसाच्या छायेतलं लडाख बहुतेक कोरडं असतं. म्हणून जुलै-ऑगस्ट हा मराठी ट्रेकरसाठी सोयीचा काळ आहे.

जुलै ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत पाणी भरपूर आणि गढूळ असतं. रस्ते उघडे, पण भावही चढे. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पाणी उतरतं, निवळतं, गर्दी ओसरते. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हाच काळ सुचवेन. रात्री थंडी जास्त असते, पण खोलीचं आणि गाडीचं भाडं बोलून कमी करता येतं.

तिसरा हंगाम जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. तेव्हा नदीवर बर्फाचा थर धरतो. तीच ‘चादर’. पर्यटकांच्या कितीतरी आधीपासून झंस्कारी लोक याच वाटेने लेहला लोणी विकायला जात, मुलांना शाळेत पोचवत. रस्ता नव्हता तेव्हा हिवाळ्यात बाहेर पडायची वाट तीच होती.

पोचायचं कसं, आणि तेवढ्याला काय पडतं

खाली दिलेले दर हंगामातल्या साधारण अंदाजासाठी आहेत. बुकिंगच्या दिवशी ताजा दर विचारून घ्यावा.

*विमान.* मुंबई किंवा पुण्याहून लेह, बहुधा दिल्लीमार्गे. दोन-तीन महिने आधी काढलं तर येऊन-जाऊन १५ ते २० हजार. ऐन वेळी २५ हजारांच्या पुढे.

*लेहहून पदुम, कारगिलमार्गे.* जुना मार्ग. लेह-कारगिल सुमारे २२० किलोमीटर, कारगिल-पदुम सुमारे २३५. नून (७,१३५ मीटर) आणि कुन (७,०७७ मीटर) ही शिखरं याच वाटेवर दिसतात. कारगिल किंवा रंगदुमला एक मुक्काम धरावा.

*लेहहून पदुम, दरीतून.* निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता सीमा रस्ते संघटनेने मार्च २०२४ मध्ये जोडला. निम्मू ते पदुम हा त्याचा साधारण निम्मा भाग आणि तो झंस्कारच्या दरीतून जातो. अंतर कमी, पण काही टप्पे कच्चे आहेत आणि दरड कोसळली तर तासन्‌तास थांबावं लागतं. निघण्याच्या आदल्या दिवशी रस्त्याची चौकशी केल्याशिवाय गाडी ठरवू नये.

*मनालीहून, शिंकू लामार्गे.* कागदावर हा मार्ग स्वस्त दिसतो, कारण चंदीगडपर्यंत रेल्वेने येता येतं. पण मनाली दोन हजार मीटरवर आणि शिंकू ला पाच हजारांच्या वर. शरीराला सवय न देता ही खिंड ओलांडणं जिवावर बेतू शकतं. या वाटेने जायचंच असेल तर खिंडीआधी जिस्पाला दोन मुक्काम घ्यावेत. मग वाचलेले पैसे त्या मुक्कामांत जातात. शिंकू लाखालून ४.१ किलोमीटरचा बोगदा व्हायचा आहे. त्याच्या कामाचा पहिला सुरुंग जुलै २०२४ मध्ये उडवला गेला.

*गाडीभाडं.* लेह-पदुम पूर्ण गाडी, एका बाजूची, १५ ते २२ हजार. सामायिक गाडीत एका सीटचे अडीच ते चार हजार, पण ती भरल्याशिवाय सुटत नाही. लेह-कारगिल-पदुम-दरी-लेह असा सहा दिवसांचा फेरा, चालकाच्या मुक्कामासह, ५० ते ६० हजार. चौघांत वाटलं तर प्रत्येकी साडेबारा ते पंधरा हजार. इतर राज्यांतल्या टॅक्सीला लडाखमध्ये स्थळदर्शनासाठी फिरू देत नाहीत, त्यामुळे दिल्ली-चंदीगडहून भाड्याने आणलेल्या गाडीचा हिशेब इथे उपयोगी पडत नाही.

मुक्काम, जेवण, किरकोळ

लेहमध्ये स्वच्छ, साधी दोघांची खोली दोन ते चार हजारांत मिळते. पदुम आणि आसपासच्या गावांत घरगुती मुक्काम माणशी हजार ते दीड हजार, त्यात बहुधा रात्रीचं जेवण आणि नाश्ता येतो. कोरडे संडास असतात, आंघोळीला गरम पाणी बादलीने मिळतं. पाण्याच्या या काटकसरीला गैरसोय समजू नये. हे वाळवंट आहे आणि शेतापर्यंत येणारा प्रत्येक पाट वरच्या बर्फावर चालतो.

बाहेर जेवायचं तर दिवसाला सातशे ते आठशे धरावेत. मेतकूट, भाजणी, चिवडा बरोबर असेल तर लांबच्या प्रवासाच्या दिवशी मोठा आधार होतो. उंचीवर भूक मरते, तेव्हा ओळखीची चव पोटात उतरते.

लेहचं पर्यावरण शुल्क ४०० रुपये आहे. गोंप्यांमध्ये प्रवेशासाठी किंवा दानपेटीत शंभर-दोनशे. रोख पैसे लेह किंवा कारगिललाच काढून ठेवावेत. यूपीआय नेटवर्कवर चालतं आणि नेटवर्क मर्जीवर. बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, गटात निदान दोघांकडे पोस्टपेड हवं. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावर संदेश पाठवणारं यंत्र बाळगणं भारतात गुन्हा आहे, परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना हे आवर्जून सांगावं.

हिशेब पहिला: फक्त संगम आणि चिलिंग, ६ दिवस

ज्यांना आठवडाभराचीच सुट्टी आहे आणि घरात ज्येष्ठ मंडळी आहेत, त्यांच्यासाठी. पहिले दोन दिवस लेहमध्ये पूर्ण विश्रांती. त्यानंतर एक दिवस निम्मू-चिलिंग आणि हवं तर राफ्टिंग. चिलिंग-निम्मू हा टप्पा अवघडपणात साधारण तिसऱ्या श्रेणीचा आहे. निष्णात गाइड असेल तर पोहता न येणाराही तो करू शकतो. माणशी दीड ते अडीच हजार. लहान मुलं आणि ज्येष्ठांना सिंधूवरचा फे-निम्मू टप्पा बरा, तो सौम्य आणि स्वस्त आहे.

- विमान: १८,०००
- लेहमध्ये ५ रात्री, खोली दोघांत: ७,५००
- जेवण: ४,८००
- गाडी, चौघांत: १,५००
- राफ्टिंग: २,०००
- शुल्क: ५००
- किरकोळ: २,०००
- एकूण: ३६,३००

हिशेब दुसरा: उगमापासून संगमापर्यंत रस्त्याने, ११ दिवस

माझ्या मते नदी नीट पाहायची असेल तर हाच प्रवास. लेहमध्ये ३ रात्री, कारगिल १, झंस्कारमध्ये ४, परतल्यावर लेहमध्ये २. पेन्सी लावर द्रांग-द्रुंग दिसते, पदुमला दोन्ही नद्या भेटतात आणि परतीला दरीतून नदीबरोबर खाली येता येतं. पाणी ज्या क्रमाने येतं, त्याच क्रमाने तुम्ही येता.

- विमान: १८,०००
- १० रात्रींचा मुक्काम: १४,६००
- जेवण: ६,८००
- गाडी, चौघांत: १४,०००
- शुल्क: ५००
- किरकोळ: ३,०००
- एकूण: ५६,९००
- यावर दहा टक्के राखीव धरून ६२ ते ६३ हजार

परतल्यावरच्या दोन रात्रींपैकी एक राखीव आहे. रस्ता बंद झाला तर ती वापरायची. पैसे वाचवताना सगळे आधी हीच रात्र कापतात, आणि तिथेच फसतात. दीड हजाराची खोली वाचवायला गेलं आणि दरड पडली तर विमान चुकतं. ऐन वेळी नवं तिकीट पंधरा हजारांना पडतं.

हिशेब तिसरा: पदुम ते निम्मू, राफ्टमधून

दरी पाण्यावरून पाहण्याची ही मोहीम. नदीत चार ते सहा दिवस, वाळूच्या काठावर तंबू. काही खळाळते टप्पे चौथ्या श्रेणीपर्यंत जातात आणि पाणी हाडं गोठवणारं असतं. मोहिमेचं शुल्क आयोजकानुसार ४५ हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत. विमान आणि लेहचा मुक्काम वेगळा. म्हणजे एकूण ७५ हजार ते सव्वा लाख.

दरातला हा फरक कशामुळे पडतो ते ग्राहकाने पाहायला हवं. किमान दोन राफ्ट आहेत का? बरोबर सुरक्षेसाठी कयाक चालवणारा आहे का? वेटसूट, हेल्मेट, लाइफ जॅकेट कोण देतं आणि ती मापाची आहेत का? गाइडकडे बचावाचं प्रशिक्षण आणि याच नदीवरचा अनुभव किती हंगामांचा? पाणी धोकादायक वाढलं तर थांबायचा निर्णय कोण घेतं? या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर तो दर कितीही कमी असो, महागच आहे. या नदीवर सुरक्षेत घासाघीस करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

हिशेब चौथा: हिवाळ्यातली चादर

आयोजकाचं शुल्क साधारण २० ते ३५ हजार. त्याशिवाय स्थानिक परवानगी, वैद्यकीय तपासणी आणि विमा मिळून पाच ते सात हजार. लेहमध्ये आधी थांबून तपासणी करून घेणं सक्तीचं आहे, म्हणून तिथला मुक्काम मोजून ठेवावा. रात्री तापमान उणे वीस-तीसपर्यंत जातं. बूट, जॅकेट, झोपण्याची पिशवी नवी घेतली तर वीस-पंचवीस हजार सहज जातात. पिशवी आणि जॅकेट लेहमध्ये भाड्याने घ्यावं. बूट मात्र स्वतःचे आणि आधी वापरून मऊ केलेले हवेत.

बर्फ नीट धरला नाही तर प्रशासन वाट बंद करतं. तेव्हा आयोजकावर दबाव आणू नये. उलट बुकिंगआधीच लेखी विचारून ठेवावं: वाट बंद झाली तर किती पैसे परत, किती दिवसांत, आणि पर्यायी ट्रेक दिला तर त्याचा दर काय?

कुठे वाचवावं, कुठे वाचवू नये

*वाचवता येतं:* चौघांचा गट करून गाडीत. सप्टेंबर निवडून खोलीत. हॉटेलऐवजी गावातल्या घरी राहून. यात पैसे थेट झंस्कारी कुटुंबाकडे जातात आणि चुलीजवळ बसून खंबीर रोटी आणि लोणी घातलेला चहा मिळतो.

*वाचवू नये:* लेहमधल्या पहिल्या दोन दिवसांत. राखीव दिवसात. साडेचार-पाच हजार मीटरपर्यंतच्या उंचीवरचा बचाव धरणाऱ्या विम्यात. विमा घेताना पॉलिसीतली उंचीची मर्यादा वाचा, बऱ्याच स्वस्त पॉलिसी तिथेच तोकड्या पडतात. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना भेटा, उंचीच्या गोळ्या त्यांच्याच सल्ल्याने घ्या.

*फुकट मिळतं:* पहाटेची वेळ. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि दुपारनंतर रस्ता ओलांडणाऱ्या ओढ्यांचं पाणी वाढतं. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा तिसऱ्या प्रहरी गाडी अडवतो. पहाटे पाचला निघणारी गाडी मुक्कामाला पोचते, नऊला निघालेल्यांना कधी कधी ओढ्याकाठी एक जादा रात्र काढावी लागते.

आणि एक खर्च कोणत्याच यादीत दिसत नाही. तुम्ही नेलेलं प्लास्टिक परत आणण्याचा. पदुममध्ये कचरा गिळणारी मोठी यंत्रणा नाही, जे मागे राहील ते शेवटी नदीकडे जातं. बाटल्या विकत घेण्याऐवजी गाळणीची बाटली न्या. चौघांच्या गटात अकरा दिवसांत तिची किंमत बहुतेक वसूल होते.

ठरवायचं कुठून

आधी सुट्टीचे दिवस मोजा. त्यातून लेहचे दोन आणि राखीव एक वजा करा. उरलेल्या दिवसांत नदीचा जेवढा भाग मावतो, तेवढाच ठरवा. मग विमान, मग गाडी, शेवटी खोली. तीनच दिवस उरत असतील तर चिलिंगपर्यंत जाऊन निवांत काठावर बसा. पेन्सी ला पुढच्या वर्षी. घाईत पूर्ण झंस्कार करायला निघालेल्यांचे दिवस गाडीत जातात आणि नदी खिडकीतून दिसते.

राखीव दिवस न वापरता उरला तर तो वायाही जात नाही. त्या दिवशी पुन्हा निम्मूला जा. जाताना संगमावर दोन रंग पाहून गाडी पुढे निघाली होती. आता त्यातला झंस्कारचा रंग कुठल्या हिमनदीतून निघाला, कुठल्या दरीतून आला, हे तुम्हाला माहीत असेल.